सरगममधलं भांडण

आमचे गाण्याचे सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मैफलीत चक्क भांडायचे. तेही सरगममध्ये, एकही शब्द न वापरता. काकूंनी हाताने पिशवी झटकून चढ्या आवाजात "ग ग रे, ग रे सा?" विचारलं की बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली, हे सगळ्या सभागृहाला कळायचं. सर खालच्या षड्जाभोवती घुटमळत सबबी सांगायचे. द्वारकेच्या चौकात अडकलेल्या रिक्षाचा हॉर्नसुद्धा सुरात वाजवून दाखवायचे. मग काकू एक लांबलचक तान घेऊन त्यांची बोलती बंद करायच्या.

पंचवटीतली म्हातारी मंडळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. काही जाणकार मात्र नाकं मुरडायचे. शास्त्रीय संगीताची टिंगल चालवलीय म्हणे! मला त्यांचा असा संताप यायचा. रागाबाहेरचा एक तरी सूर लागला असेल तर दाखवा ना. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मागे बसून तंबोरा धरायचे, त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करत राहा. भेटायला येणारे शहाळी आणायचे आणि काकूंच्या देखतच "आता काही खरं नाही" म्हणायचे. असल्यांना दारातूनच परत पाठवावं. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सरांनी समजावलं, विनवण्या केल्या, पण त्या त्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हत्या.

एका संध्याकाळी सरांनी मला तंबोरा जुळवायला सांगितला. खाटेशेजारी बसून त्यांनी भूप रागात नेहमीचं भांडण सुरू केलं, आपल्या बाजूचं. काकूंची पाळी आली की थांबायचे. मग पुन्हा आपलंच. मला ते ऐकवेना.

आणि मधेच सरांनी मध्यम लावला. भूपात मध्यम हा सूर चालतच नाही. नवख्या मुलाकडून लागला तरी सर डोळे वटारायचे. मी दचकले. काकूंनी मान वळवली. कपाळावर ही आठी! डाव्या हाताने त्यांनी खाटेवर चापट मारली.

सरांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. त्यांनी आणखी जोरात मध्यम लावला.

त्यानंतर सर रोज संध्याकाळी भूप बिघडवू लागले. खिडकी उघडी आणि खाली भर रस्ता. बायकोच्या दुखण्यात सरांचा सूर गेला, अशी आवई उठली. दोन-तीन पालकांनी मुलींची शिकवणीही बंद केली. मी चिडून म्हटलं, "सर, निदान खिडकी तरी लावू या."

"असू दे गं," सर म्हणाले. "तिला उकडतं."

हळूहळू चापटीच्या जागी हुंकार आला. मग एक तुटका, चिडका गंधार. काही महिन्यांनी सर त्या मध्यमावर चांगलं ठाण मांडून बसले असताना काकूंचे ओठ थरथरले.

"अहो... नीट गा," काकू म्हणाल्या.

सरांना पुढे गाताच येईना.