तात्यांनी दुकान वाढवलं

चहा घ्या आधी, मग हसा मला. बावीस वर्षं फौजेत हिंदी बोलून माझ्या मराठीचा पार भुगा झालाय, त्याचा हा किस्सा.

दहिवडीचे तात्या टेलर मला वडिलांच्या जागी. भरतीला गेलो ती पँट त्यांनीच शिवलेली. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. “दुकान वाढवलं रं. जमलं तर येऊन जा.”

मी खूश. पंच्याहत्तरीत माणूस धंदा वाढवतोय, चेष्टा हाय का? साताऱ्यातनं किलोभर कंदी पेढे घेतले. वर भिंतीवरचं घड्याळ, त्यावर ‘अशीच भरभराट होवो’ असं छापून घेतलं.

दुकानात तात्या रिकाम्या टेबलापाशी बसलेले. गेल्या गेल्या पेढाच भरवला की त्यांना.

“मशीन कुठाय?”

“दिलं.”

“बरं केलं. आता मोटारीचं घ्या. आन् बोर्ड?”

“उतरवला.”

“नवा मोठा करा. कारागीर किती ठेवणार?”

तात्या पेढा चघळत माझ्याकडं बघत राहिले. “बघू,” म्हणाले.

मी थांबतोय होय? शेजारचा गाळा कसा जोडायचा, ते पावलं टाकून मोजून दाखवलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. घड्याळावरचं वाचलं आणि पदर डोळ्याला लावला. “आरं बाबा, ह्यास्नी सुईत दोरा ओवाय येईना झालाय. बंद केलं दुकान.”

आपल्यात दुकान ‘बंद केलं’ म्हणत नाहीत, ‘वाढवलं’ म्हणतात. फुटलेली बांगडीसुद्धा वाढते. हे शेंबडं पोर सांगेल, आणि मी पेढे भरवत होतो. जमीन दुभंगली असती तर बरं, असं झालं.

“तात्या, आधी बोलायचं न्हाई व्हय?”

“चाळीस वर्षांत दुकानाचं एवढं कौतुक कुणी केलं न्हवतं रं. ऐकत ऱ्हावं वाटलं.”

मग दोघांनी मिळून शटर ओढलं. एकट्याला ओढवत नव्हतं, म्हणून तर बोलावलेलं. रडलो मी, खोटं कशाला बोलू.

तर आज सकाळी परत फोन. “ते घड्याळ बंद पडलंय रं.”

“सेल बदला की,” म्हणालो आणि ठेवला.

बायकोनं कपाळावर हात मारला. “आवं, घड्याळासाठी न्हाई, तुमच्यासाठी केलावता फोन त्यांनी.”

चला, संपवा चहा. दहिवडीची एसटी गाठायचीय. सेल घेतलेत खिशात, असू द्या.