वखारीतलं हसू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आता ती राहिली नाही. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. परवा बेळगावच्या वाचनालयात तरण्या पोरांचा वाद रंगला होता. देश आपला झाला, आता देशादेशांचे व्यापाराचे नवे करार होणार, मग सिनेमाचं काय? परदेशी चित्रांना मोकळं रान द्यायचं, की आपल्या चित्रांसाठी थेटरात काही दिवस राखून ठेवायचे? एकानं माझ्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही जन्मभर सिनेमा दाखवलात. तुमचं मत काय?" मी चष्मा शोधायचं नाटक करत उठून आलो. चष्मा नाकावरच होता.

माझं मत! वीसेक वर्षांपूर्वी याच प्रश्नावर मी मत दिलंय — तोंडानं नाही, हातानं.

तेव्हा चित्रं मुकी होती. माझा फिरता तंबू होता; बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी असा वर्षभर फिरायचा. चित्राच्या मशीनला बाजूनं हँडल, ते हातानं फिरवायचं. किती वेगानं, ते कुठं लिहिलेलं नसे. आईच्या जात्याशेजारी बसून मोठा झालो म्हणून असेल, पण माझा हात कधी चुकत नसे. पाठलाग आला की जरा घाई, दुःख आलं की सावकाश. आणि एक गंमत प्रत्येक तंबूवाल्याला ठाऊक होती — हँडल भराभर फिरवलं की पडद्यावरची माणसं टुणटुण उडायला लागतात आणि लोक हसून लोळतात. विनोदी चित्राला मी ते मुद्दाम करायचो.

निपाणीचे आदगोंडा — सगळे त्यांना आदाण्णा म्हणत — जैन घरातले, तंबाखूच्या वखारीचे मालक. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. सिनेमाचं वेड त्यांना माझ्याच तंबूत लागलं. त्यांनी कॅमेरा आणवला आणि स्वतःच्या शेतात, घरच्यादारच्या माणसांना घेऊन एक चित्र काढलं. लेक गमावलेल्या आईची गोष्ट. घरंदाज बाई पडद्यावर यायची नाही असा तो काळ, पण आईचं काम त्यांच्या बायकोनं केलं, चंद्राक्कांनी. गावानं तोंडात बोटं घातली. मला मात्र कारण माहीत होतं. त्यांची चार वर्षांची लेक तापानं गेली होती. सासरच्या माणसांत त्या रडल्या नव्हत्या — रडायची सोयच नव्हती. कॅमेऱ्यापुढं रडल्या. मी तिथं उभा होतो. आदाण्णांनी त्यांना थांबवलं नाही.

त्याच सुमारास सरकारनं सिनेमाची चौकशी काढली. विलायतेतली चित्रं इथल्या थेटरांनी दाखवलीच पाहिजेत, असा एक बेत चालला होता. आपली माणसं म्हणत होती, जागा राखायचीच तर देशी चित्रांना राखा. माहिती गोळा करत एक गोरा साहेब आमच्या भागात आला. आदाण्णांनी त्याला गाठून विनवलं — आमच्या लोकांना आमचं चित्र बघताना एकदा बघा, मग काय लिहायचं ते लिहा. साहेब कबूल झाला. दुपारची वेळ ठरली. वखार रिकामी करून खिडक्यांना गोणपाट ठोकलं. मशीन माझं, फिरवणाराही मीच.

त्याच्या दोन दिवस आधी परदेशी चित्रं पुरवणारा माणूस माझ्याकडे आला. माझी बहुतेक चित्रं तोच पाठवायचा. म्हणाला, देशी चित्रांना जागा राखली तर आमचं तुमच्याकडे काय काम? मग म्हणाला, सबंध जिल्ह्याचं काम बघायला एक माणूस हवाय. चहा संपवला आणि उठता उठता विचारलं, "साहेबापुढं मशीन कोण फिरवणार?"

एवढंच. 'असं कर' असं तो म्हणाला नाही. ते मीच ठरवलं. कधी? निपाणीच्या मोटारीत? की त्याचा कप उचलतानाच? खरंच सांगता येत नाही.

वखार गच्च भरली होती. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मधोमध साहेबाची खुर्ची. तंबाखूच्या वासानं साहेबाला ठसका लागत होता. पहिली दोन रिळं मी नीट फिरवली. लोक गप्प होते. साहेब पुढं वाकून बघत होता. तिसऱ्या रिळात आई लेकीच्या परकराची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. मी वेग वाढवला. आधी थोडा — मग आणखी. चंद्राक्कांचे हात खेळण्यातल्या माकडासारखे हलायला लागले. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी वखार हसली. मुक्या चित्राला साथ देणारा पेटीवाला गोंधळून हात उचलून बसला. साहेबही हसला आणि त्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

मी थांबू शकलो असतो, हात माझाच होता. पडद्याच्या उजेडात मी बायकांच्या बाजूला बघितलं. चंद्राक्काही हसत होत्या. तोंडाला पदर लावून, शेजारणीकडे बघत, सगळ्यांबरोबर.

खेळ संपल्यावर आदाण्णा मशीनजवळ आले. वाटलं, यांनी ओळखलं. ओळखावं असंही वाटलं असेल का मला? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं सांग रं, वासू. लई कच्चं झालंय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय, अण्णा."

हँडलचं पाप एका दुपारचं. या दोन शब्दांचं मी रोज करत आलो.

साहेबाच्या त्या ओळीनं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. एका वहीनं साम्राज्याचा व्यापार थोडाच फिरतो — असं मी स्वतःला फार वेळा समजावलंय. जिल्ह्याचं काम मला मिळालं. आदाण्णांनी पुन्हा कॅमेऱ्याला हात लावला नाही. रिळं माझ्या हवाली केली, म्हणाले, "घरात नगं." एकदा एकटा असताना मी तिसरं रीळ लावलं आणि जसं फिरवायला हवं तसं फिरवलं. शेवटपर्यंत बघवलं नाही. चित्र कच्चं नव्हतं हो. त्यानंतर आदाण्णा नऊ वर्षं जगले. नऊ वर्षांत मी निपाणीला किती वेळा गेलो असेन!

आता ती रिळं चिकटून त्यांची ढेप झाली आहे. कुणाला दाखवायची म्हटली तरी दाखवता येणार नाहीत.

चंद्राक्का आहेत. त्यांना भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला त्या मला ओवाळतात. परवाच्या भाऊबीजेला ताटात निरांजन लावता लावता त्यांनी विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच —

"दादा, माझं रडणं खरंच तसलं व्हतं व्हय वो?"

मी म्हणालो, "जुन्या गोष्टी कशाला काढता, आक्का."

त्यांनी कुंकवाचं बोट पुढं केलं, आणि मी कपाळ पुढं केलं.