शेवटच्या गाडीचा सेट

नदी ओलांडली की आबा गाडी थांबवायचे, वॉकीटॉकीचा सेट मिशीला टेकेल इतका जवळ धरायचे आणि विचारायचे, "बठ्ठा उनात का?" म्हणजे, सगळे आले का. उत्तर शेवटच्या गाडीनं द्यायचं. ती गाडी माझी.

आबा धुळ्याकडचे. जळगावात त्यांचं टायरचं दुकान, मी तिथला ड्रायव्हर. रविवारी हौशी जीपवाल्यांना घेऊन ते सातपुड्यातल्या कच्च्या वाटांवर जायचे. दोर, पाणी, स्टेपन्या घेऊन मी मागे. माझं गाव किनवटच्याही पुढे, शाळा आठवीतच सुटलेली. पिंप्राळ्याच्या खोलीत एकट्यानं रविवार काढण्यापेक्षा हे बरं होतं. पण पुढची गाडी वळणाआड गेली की मनात यायचं, मला इथेच सोडून गेले तर?

नवे सेट घ्यायचे ठरलं तेव्हा आबा मलाच वॉकीटॉकीच्या दुकानात घेऊन गेले. "तू निवड. बठ्ठासना मांगे तू ऱ्हास."

तोवर मला कुणी चहा की कॉफी एवढंही विचारलं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "हा घ्या आबा. डब्यावर दहा किलोमीटर लिहिलंय."

"डब्यावर डोंगर काढेल शे का?"

मी तरी तोच हातातला छोटा सेट उचलला. हलका, लायसन्स नको, बसवायची भानगड नको. आपल्या हातून काही बिघडणार नाही, एवढंच पाहिलं. आबांनी मान डोलावली.

पुढच्याच रविवारी एका टेकडीमागे माझी गाडी रेतीत रुतली. बटण दाबून ओरडलो. नुसती खरखर. पुन्हा ओरडलो. मग सेट मांडीवर ठेवून बसून राहिलो. आता नोकरीही गेली, असंच वाटत होतं.

बऱ्याच वेळानं आबांची जीप उलट येताना दिसली. उतरून त्यांनी सेट कानाशी हलवून पाहिला. "सेट लिधा का खुळखुळा?" म्हणाले, आणि स्वतःच दोर बांधायला वाकले.

सोमवारी पुन्हा दुकानात. "निवड."

"परत मीच?"

"मंग? रेतीमा कोन बसना व्हता, मी का?"

या वेळी मी गाडीत बसवायचा, टपावर एरियल असलेला, मोठ्या बटणाचा सेट दाखवला. गचके बसले तरी बोटाला सापडेल असं बटण.

"याला लायसन्स लागतं," दुकानदारानं बजावलं.

"मंग काढू."

त्यानंतर टेकडीपलीकडूनही आबांचा आवाज यायचा. मध्येच विचारायचे, "जेवला का रे?" बाकीच्या गाड्यांतून ओरड व्हायची, "आबा, आम्हालाही विचारा की!"

"तुमले तुमनी बायको इचारस ना!"

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. भर गर्दीत तो तुमच्याशी एकट्याशी बोलतो, आणि त्यात काही विशेष केलं असं त्याला वाटतही नाही.

आबा या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मुलानं मला म्हटलं, "वाटा तुलाच ठाऊक. आता पुढे तू." पुढच्या रविवारी नदीपलीकडे गाडी थांबवून मी सेटवर विचारलं, "बठ्ठा उनात का?" आवाज सगळ्यांचे आले, अगदी स्पष्ट. शेवटच्या गाडीचाही.

इतकी वर्षं मी त्यांच्या जीपची धूळ खात मागे चाललो. त्या रविवारी नदीचा काठ चढून वर आलो तर समोर काच लख्ख होती. वाट पार डोंगरापर्यंत दिसत होती, आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.