दुष्काळाला मी खांद्यावर घेतलं तेव्हा

माणसाची पाठ एकदा जमिनीला टेकली की कुस्ती संपली. बरोबर? मग त्या दोऱ्यांच्या रिंगणातल्या कुस्तीत पाठ टेकल्यावरसुद्धा पंच खाली बसून एक-दोन-तीन कशाला मोजतो?

हा प्रश्न मी आमच्या तालमीच्या वस्तादांना विचारला. ते म्हणाले, "ती कुस्ती न्हाई, सोंग हाय," आणि थुंकले. खुद्द पंचाला विचारला, तर तो हसून निघून गेला. दादाला विचारला, तर त्यानं माझ्या ताटातली भाकरी उचलली आणि खात बसला. आजपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही बघा. वेळेवर दिलं असतं, तर आमच्या शिरूर कासारच्या बाजारतळावर मी जो राडा केला तो झाला असता का? तुम्हीच सांगा!

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलोय ते दादासाठी. दादा माझा मोठा भाऊ. होता म्हणावं लागतं आता. जीभ वळत नाही अजून, तेव्हा मधेच 'आहे' लिहून गेलो तर समजून घ्या.

तर दादा पैलवान. पण लंगोट लावून मातीत उतरणारा नव्हे. पुण्याला गोदामात पोती उचलायला गेलता, तिथं त्याला एक मंडळी भेटली. पंधरा-वीस पोरं, एक टेम्पो, खोलून जोडायचं एक रिंगण. गावोगाव जायचं, खेळ लावायचा. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. पण पडणं खरं, उचलणं खरं, छातीवर उठलेले वळ तर एकदम खरे. मी तेल लावून दिलंय ना त्याच्या पाठीला!

तिथं प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी दोरीवर चढून पाखरासारखा उडी घेणार. कुणी नुसता हातपाय पिळणार. कुणाला कुस्ती बेताचीच, पण माईक हातात आला की अर्धा तास ऐकावं असा बोलणार. आणि दादा? दादा खलनायक! त्याचं तिथलं नाव होतं 'दुष्काळ'. अंगावर भेगाळलेली जमीन रंगवायची, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन यायचं आणि रिंगणाच्या मधोमध तो पालथा करायचा. थेंबसुद्धा पडायचा नाही. लोक बोंबलायला लागायचे.

त्याचा वैरी 'बागायतदार'. गुलाबी फेटा, हातभर मिशा, खांद्यावर हिरवागार ऊस. उसाच्या पट्ट्यात त्यांचा खेळ लागला की तिकडची जनता बागायतदाराला डोक्यावर घ्यायची आणि दादाला शिव्या. एकदा दादा घरी आला तो एकच चप्पल घेऊन, तीही बाईची.

"ही कुणाची?" आईनं विचारलं.

"एका म्हातारीनं फेकून मारली. आई, तुला सांगतो, इतकी मनापासून शिवी मला आजवर कुणी दिली न्हाई!"

असा आनंद मी नोकरी लागलेल्या पोराच्या तोंडावरसुद्धा पाहिला नाही. त्यांचं वैर मी मोबाईलवर बघायचो. तालमीतल्या पोरांना समजावून सांगायचो. कोण कुणाला दगा देणार, कोण कधी फिरणार, सगळं मला पाठ. एवढा मोठा जाणकार!

मग दादानं मंडळीचे चालक कदम सर यांच्या मागं लागून खेळ आमच्याकडं आणवला. "आमच्याकडची माणसं कुस्तीसाठी जीव टाकतात," म्हणाला. सरांनी ऐकलं, पण बजावलं, की हा खेळ रंगला तर विजेत्याचा मोठा पट्टा तुझ्या कमरेला, आणि फसला तर तू तुझ्या गोदामात परत. पोती उचलायला.

खेळाच्या दिवशी सकाळी दादा मिशीचा केसही नसलेल्या एका दांडग्या पोराला जेवायला घेऊन आला. "ह्यो विलास. टेम्पोवर असतो." गडी गरीब होता. आईच्या हातचे धपाटे खाताना डोळे मिटून घ्यायचा. जाताना टॉवेलात तोंड लपवून मागच्या रानातून गेला. मला वाटलं, लाजाळू असेल.

दादानं मला कोपऱ्यात घेतलं. "बारक्या, काईबी होऊ दे, तू जागेवरून उठायचं न्हाई. मी मेलो तरी उठायचं न्हाई."

"जिंकणार कोण ते तरी सांग!"

"ते सांगत नसत्यात बे."

मी शपथ घेतली. मात्र शपथ फक्त न उठायची होती. हलगी आणायची नाही, असं कुठं म्हणालता तो? मी हलगीवाल्या गौतममामांना बोलावलं, गुलालाचं पोतं आणलं आणि तालमीतली सगळी पोरं पहिल्या रांगेत बसवली. आमचा माणूस आमच्या मातीत लढणार, आणि हलगी नाही? शोभतं का?

ऊन कललं. दादा हंडा घेऊन आला. आणि काय सांगू! जिथं तिथं शिव्या खाणारा दुष्काळ, पण शिरूर कासार त्याच्यासाठी उभं राहिलं. आमच्याकडं दुष्काळ म्हणजे घरचाच माणूस हो! त्यानं हंडा पालथा केला, तर बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. बागायतदार ऊस नाचवत आला, तर मागून कुणीतरी ओरडलं, "तुझ्या बांधावर आमची ऊसतोडीची टोळी येणार न्हाई बे! तोड तुझा तूच!"

बाजारतळ हसून लोळला. बागायतदाराचासुद्धा ओठ हलला, पण सावरला बिचारा.

घंटा झाली. दोघं भिडले. आणि पहिल्याच झटक्याला दादानं त्या धिप्पाड गड्याला डोक्याच्या वर उचललं आणि धप्पकन पाठीवर आपटलं. अख्खी पाठ टेकली. दोन्ही खांदे टेकले. चीतपट! आसमान दाखवलं!

मी बसून राहणार होतो का? शपथ कुठली आणि काय कुठली!

"वाजवा मामा!" म्हणालो आणि दोरीवरून उडी टाकली. माझ्यामागं हलगी. हलगीमागं तालीम. मी दादाच्या दोन्ही पायांत मान घातली आणि उचलला खांद्यावर. गुलालाचं पोतं कुणीतरी सरळ पंचाच्या डोक्यावर उलटं केलं. तो बिचारा खाली बसून दोन बोटं काढून मोजत होता, तसाच लाल होऊन बसला.

दादा वरून माझ्या टाळक्यात बुक्क्या घालत होता. "खाली उतरव, गाढवा! आत्ता कुठं सुरू झालंय!"

"लाजू नको दादा! जिंकलास तू!"

"मला हरायचं हाय बे!"

हलगीच्या आवाजात मला 'मला फिरव बे' असं ऐकू आलं, असं नका समजू! मला नीट ऐकू आलं होतं. पण जिंकलेला माणूस असं बोलतो का? मला वाटलं, आनंदानं डोकं फिरलं असेल. मी अजून एक फेरी मारली.

तिकडं कदम सर माईकवर ओरडत होते, "थांबा! कुस्ती संपलेली नाही!"

"पाठ टेकली की हो सर!" पब्लिक ओरडलं. आणि आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. शेवटची कुस्ती निकाली झाली की माणूस ढुंगणाची धूळ झटकतो आणि घरी जातो. लोक उठायला लागले. बायांनी पोरं कडेवर घेतली. सरांचा खेळ, दादाचा पट्टा, सगळं बाजारतळावरून गावाकडं चालायला लागलं.

लोकांना थांबवायला म्हणून बागायतदार उठला आणि त्यानं ऊस दादाच्या पाठीत घातला. झालं! पडलेल्या पैलवानानं मागून वार करायचा? आमच्या तालमीत याहून मोठं पाप नाही. मी दादाला खाली ठेवला, शड्डू ठोकला आणि बागायतदाराला धरून धोबीपछाड मारला. खरा!

तो खालून पुटपुटला, "हळू बारक्या, पाठ मोडशील माझी!"

माझं नाव याला कसं माहीत? मी त्याच्या मिशीला हात घातला. अख्खी मिशी माझ्या मुठीत! आणि खाली कोण? सकाळचा धपाटेवाला!

"विलासभाऊ?" म्हणालो. मी मिशी परत त्याच्या ओठावर दाबली आणि त्याच्या पाया पडलो. हो, रिंगणात, सगळ्या गावासमोर, ज्याला आत्ता आपटलं त्याच्या पाया!

लोक थांबले. हे काय चाललंय, म्हणून पुन्हा खाली बसायला लागले. आणि तिथं माझ्या दादाचं डोकं चाललं. असं डोकं कुणाचं चालणार नाही.

त्यानं सरांचा माईक हिसकावला. "बघा! ह्यो माझा सख्खा भाऊ! वैऱ्याच्या पाया पडतोय! ह्याला मी आजपासून भाऊ मानत न्हाई. आन् तुमाला कुणालाच मी आपलं मानत न्हाई! तुमच्या टाळ्या ठेवा तुमच्यापाशी!" असं म्हणून माझ्या छातीवर असा पंजा मारला, की माझ्या कानात हलगी वाजली. मला उचलला आणि दोऱ्यांबाहेर टाकला. टाकताना डोक्याखाली हात धरला होता त्यानं, ते कुणाला दिसलं नाही. मला कळलं.

बाजारतळ उसळला! "बारक्या भावाला मारतो व्हय रे? मार त्याला, बागायतदारा, मार!"

टोळी येणार नाही म्हणणारा माणूससुद्धा बागायतदाराच्या नावानं ओरडत होता! दादाला आयुष्यात एकदाच आपल्या माणसांच्या टाळ्या मिळाल्या होत्या. त्या त्यानं माझ्यापायी उधळून दिल्या आणि आपल्याच गावात खलनायक झाला. मग असा लढला, असा हरला, की म्हातारे लोक दोऱ्यांना झोंबायला आले. वस्ताद 'सोंग, सोंग' म्हणत होते, पण बागायतदार हरायला लागला की बसल्या जागी डाव सांगत होते.

घरी आलो, तर आईनं विलासभाऊच्या ताटात तूप वाढलं आणि दादाच्या ताटात काहीच नाही.

"अगं आई, खोटं व्हतं ते!"

"बारक्याच्या छातीवर पाच बोटं उठल्यात. ती बी खोटी व्हय?"

दादा उपाशीपोटी हसत होता. "बारक्या," म्हणाला, "तुज्यामुळं वाचलो बघ." बुडवलं मी, वाचवलं त्यानं, आणि नाव माझं!

सरांनी शब्द पाळला. पुढच्या हंगामात दादानं बागायतदाराला हरवून मोठा पट्टा जिंकला. आमच्या घरी खुंटीला टांगला. आणि नंतर एका संध्याकाळी रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नव्हता, आणि दादा मोटारसायकलवर होता. एवढंच लिहितो.

दहाव्याला विलासभाऊ आला. मिशा नव्हत्या. मी खुंटीवरचा पट्टा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं घेतला नाही.

"असा घेता येत न्हाई रे. आमच्यात जाणारा माणूस हरून जातो. मागं राहणाऱ्याला मोठं करून जातो. तुझा दादा ही रीत कधी मोडला नसता. त्याला वेळच मिळाला न्हाई."

"मग त्याच्या बदली मी हरतो," मी म्हणालो. विचार केला का? मी कधी केलाय!

विलासभाऊनं आमच्या रानात कडब्यावर मला पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लाव, तळहात आपट, श्वास सोड. तालमीत इतकी वर्षं न पडायचं शिकलो होतो, ते सगळं विसरायचं. शेवटी म्हणाला, "बाकी काई ध्यानात ठेवू नको. मी हात वर केला की तू पडायचं."

खेळ उसाच्या पट्ट्यात होता. मी अंगावर भेगा रंगवल्या, कमरेला पट्टा बांधला, हंडा डोक्यावर घेतला. लोकांनी आधी टोप्या काढल्या. मग एका म्हातारीनं सुरुवात केली आणि सगळ्यांनी मला दादाच्या वाटणीच्या शिव्या दिल्या. पोटभर! माझी छाती अशी फुगली म्हणता, की रंग तडकला.

विलासभाऊ समोर उभा राहिला. त्यानं हात वर केला.

मी धाडकन पाठीवर पडलो. काय पडलो! हनुवटी छातीला, तळहात सपाट, एकदम शिकवल्यासारखा.

तो माझ्यावर वाकला. "बारक्या, डोळे पुसत होतो रे! अजून मारलं कुठंय तुला?"

"मग मार लवकर," मी पडल्या पडल्या म्हणालो. "मी काय आता उठत न्हाई."