जोडीदारणीला न दाखवलेला डाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही समोर चहा घेत बसलाय असं धरून चालते. म्हणजे बोलवेल.

शिवाजी पेठेत आमच्या तालमीच्या माडीवर बुद्धिबळाचे पट लागायचे. खाली तांबड्या मातीत पोरं घुमायची, वर आम्ही दोघी — मी आणि पद्मा. पद्मा जयसिंगपूरची, किराणा दुकानदाराची मुलगी. दर रविवारी एसटीनं यायची, डब्यात माझ्यासाठी धपाटी आणायची. माडीवर बसायचं तर तालमीची रीत पाळायची, असं वस्तादांनी बजावलेलं. जोडीदाराला डाव लपवायचा नाही. नवीन काही गवसलं की आधी त्याच्यावर टाकायचं, त्याला तोड काढू द्यायची, आणि मगच फडात उतरायचं. आम्ही दोघीही तसंच करायचो. मी तरी तसंच करते, असं पद्माला वाटायचं.

तिचा सगळा जीव ड्रॅगनवर. सिसिलियन बचावातली ही जुनी, तापट फांदी. काळा आपला उंट राजाशेजारी बसवतो आणि तो उंट कर्णावरून पार पांढऱ्याच्या घरापर्यंत डोळे वटारून बघतो. पांढरा दुसऱ्या बाजूला किल्ला बांधून प्यादी अंगावर सोडतो. आधी पोचेल तो जगला. परदेशातल्या उस्तादांनी ही फांदी किती वेळा मेली म्हणून पुरली आणि किती वेळा उकरून काढली! जगज्जेतेपदाच्या लढतीतही ती खेळली गेलीय. पद्मा म्हणायची, मरंना का, परत उठतीय की. ती त्यात हत्ती देऊन पांढऱ्याचा घोडा मारायची, आणि तिथून पुढं तिला आवरणं मुश्किल व्हायचं. मला तर कधीच जमलं नाही.

आणि मग एका दुपारी, सायबर कॅफेत परदेशी डाव चाळताना, मला तो डाव दिसला. तीच फांदी, तोच हत्ती घोड्यावर पडलेला. सगळे तो हत्ती लगेच मारतात. या खेळाडूनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आपला उंट सरळ काळ्याच्या राजापुढं नेऊन ठेवला — मार म्हणाला. काळ्यानं मारला, आणि पांढऱ्याचा वजीर आत घुसून मात.

रविवार आला. पद्मा आली. धपाटी खाल्ली. मी ती चाल पटावर टाकली नाही. पुढच्या रविवारी टाकू म्हटलं. तेव्हाही नाही. मनाची समजूत काय घालायची? वस्तादसुद्धा एक डाव राखून ठेवतो म्हणे. पण तो चेल्यापासून राखतो. पद्मा माझी चेली कुठं होती?

तिच्या घरी काय चाललंय ते मला ठाऊक होतं, हे आधीच सांगून टाकते. राज्याच्या संघात आली तर खेळू द्यायचं, नाहीतर हातकणंगल्याचं स्थळ पक्कं करायचं — असं तिच्या वडिलांनी ठरवलेलं. निवडस्पर्धा कोल्हापुरात होती, म्हणून ती आमच्याकडंच उतरलेली. शेवटच्या फेरीआधी संघात एकच जागा उरली, आणि जोडी लागली आम्हा दोघींची. पांढरी माझ्याकडं.

सकाळी आई आम्हाला पोहे वाढत होती. दुसरी कुणी असती तर वैरिणीसमोर तोंड मिटून बसली असती. पण पद्मा तालमीच्या रीतीतली. तिनं सरळ विचारलं, "वैशे, ड्रॅगनच खेळू काय गं? का बदलू?"

मी ताटातच बघत राहिले. तीच पुढं म्हणाली, "तुला काय गावलं असतं तर सांगितलं असतंस की."

"सांगितलं असतं की," मी म्हटलं. "खेळ बिनघोर."

आईनं तिला आणखी पोहे वाढले.

तिनं हत्ती घोड्यावर टाकला. मी जरा थांबले. विचार करतेय असं दिसावं म्हणून कपाळ धरलं — हेही मी केलं. मग उंट नेऊन ठेवला. तिनं मारला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. डाव संपल्यावर ती माझ्याकडं बघून हसली आणि विचारलं, कधी गावली गं ही चाल? मी म्हणाले, आत्ताच, बसल्या बसल्या. ती दारातल्या सगळ्यांना सांगत सुटली, वैशालीला काय चाल सुचली म्हणून! माझं कौतुक तिच्याइतकं कुणीच केलं नाही.

मी संघात गेले. ती हातकणंगल्याला गेली. मला लाज वाटली का? वाटली. पण त्या संघाचं जाकीट मी चार लोकांत मिरवलंसुद्धा.

पुढं उस्तादांनी त्या चालीला तोड काढली. समोर आलेला उंट मारायचाच नाही. आपला उंट कोपऱ्यात मागं न्यायचा. दुसरा हत्ती गेला तर जाऊ द्यायचा, कारण ड्रॅगनचा प्राण त्या उंटात. ड्रॅगन परत उठला. हे मला कळून वर्षं झाली. आता मी क्लास घेते, पोरांना पटावर मांडूनही दाखवते. पद्माला मात्र कळवलं नाही. कारण ते बघितलं की मला आमची माडी दिसते. एखाद्या रविवारी मी ती चाल टाकली असती तर तिला ही तोड सापडली असती. एका बैठकीत नसती सापडली, पण आठवडाभर उंट पकडून बसली असती आणि पुढच्या एसटीनं घेऊन आली असती. मी तिला ओळखते.

परवा तिचा फोन आला. गोठ्यातलं आवरून मोबाईलवर खेळते म्हणाली. आवाज अगदी तेव्हासारखा.

"वैशे, उंट मागं न्यायचा हुता गं! कोपऱ्यात. आत्ता गावलं मला."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुला बसल्या बसल्या सुचलं, मला न्हाई सुचलं. तेवढाच फरक."

मी म्हणाले, "व्हय."