विलासचा पिवळा टॉर्च

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको चारचौघांत सांगते. सांगू दे. हे एक राहिलेलं आहे आणि ते तिलाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? – तुम्ही विलासला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर आत्ताही चहा पाजून, संत्र्याच्या भावाच्या गप्पा मारून तुम्हाला वाटेला लावलं असतं.

सौंसरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. मोटरपंपाचे स्टार्टर, पंखे, मिक्सर, येईल ते दुरुस्त करतो. पण लोक ओळखतात ते टॉर्चवाला म्हणून. बाजारातला टॉर्च चार दिवसांत मान टाकतो, म्हणून मी स्वतः बनवतो. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, दमदार एलईडी, त्याच्या मागे उष्णता ओढून घेणारी तांब्याची चकती, आणि गिऱ्हाइकाला हवा तसा झोत. आमच्याकडे बागेला ओलित करायचं, म्हणजे पाणी द्यायचं, तर विजेची लाइन बहुतेक रात्रीची. बागेत साप निघतो, रानडुक्कर घुसतं. त्यामुळे टॉर्च ही हौसेची वस्तू नाही, आणि कुणाचा उजेड जास्त यावर माणसं पानठेल्यावर हमरीतुमरीवर येतात.

विलास रामाकोन्याचा. घरची संत्र्याची बाग. पांढुर्ण्याला आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर बसत होतो. टॉर्च बनवायला त्याला मीच शिकवलं – हे मी तेव्हा जो भेटेल त्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही.

त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. त्याचं सोल्डरिंग पाहिलं की माझं मला जाड वाटायला लागायचं. आणि त्याचं डोकंही वेगळं. माझा उजेड पांढराशुभ्र, जरा निळ्याकडे झुकणारा. भिंतीवर मारला की लोक वा वा करत. विलासने पिवळसर एलईडी वापरायला सुरुवात केली. अशा उजेडात पानाआडचं फळ आणि मातीवरचा साप ठसठशीत दिसतो, असं त्याचं म्हणणं. लोक आधी हसले. मग रामाकोन्याची माणसं त्याच्याकडे जाऊ लागली, आणि मग माझ्याच गल्लीतली. गुरूची विद्या गुरूलाच फळली, असं शेजारचा टेलर म्हणाला. थट्टेत म्हणाला. मला ते झोंबलं, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू – हे वाक्य माझ्या तोंडी किती सहज येतं पाहा.

तर रामाकोन्याच्या बागाइतदारांच्या गटाने ठरवलं की सगळ्यांसाठी टॉर्च एकाच कारागिराकडून बनवून घ्यायचे. विलासचं स्वप्न होतं पांढुर्ण्याला दुकान टाकायचं. जिल्हा झाल्यापासून तिथली वर्दळ वाढली होती. हे काम मिळालं की तो गाळा घेणार होता. कोणता घ्यायचा तेही मला नेऊन दाखवलं होतं. मलाच, दुसऱ्या कुणाला नाही.

गटातली माणसं भांडायला लागली. कोणी म्हणे पांढरा जास्त, कोणी म्हणे पिवळा. डोळा पांढऱ्याला भुलतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. विलास म्हणाला, "मोजून पाहू ना. मीटर तुह्याकडेच आहे, तूच मोज. तू सांगशीन ते मले मंजूर."

मोजायची माझी पद्धत सांगायलाच हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. टॉर्चचा झोत एका जागी पडतो, म्हणून नुसता मीटर समोर धरून भागत नाही. संत्री भरायच्या लाकडी पेटीला आतून पांढरा थर्मोकोल लावला होता. एका बाजूच्या भोकात टॉर्च, दुसऱ्या बाजूला मीटर. उजेड आतल्या आत आपटत फिरतो आणि मीटरवर सगळ्याचा मिळून आकडा येतो. अट एकच, टॉर्च सरळ बसला पाहिजे. जरासा तिरपा करून झोत थेट मीटरच्या डोळ्यावर पाडला की आकडा उडी मारतो. त्या पेटीचा थर्मोकोल विलासनेच कापून चिकटवला होता.

भर दुपारी शटर खाली ओढलं. सगळे पेटीभोवती दाटीवाटीने उभे. आधी त्याचा टॉर्च लावला, अगदी सरळ. मग माझा. आणि मनगट थोडं वळवलं.

ठरवून केलं का? या प्रश्नाशी मी कितीदा तरी येऊन थांबतो. हात घामेजला होता, निसटला असेल – असंही स्वतःला सांगून पाहिलं. पण पेटीच्या फटींतून झिरपणारा उजेड पाहून विलास म्हणाला, "अजून एक बार पाह्य ना बे. मले तर माहाच जास्त दिसून राहिला." आणि मी अजून एकदा दाखवलं. तेव्हाही तितकंच वळवलं. घामाने हात एकदा निसटतो. दुसऱ्यांदा तेवढाच, त्याच बाजूला निसटतो का?

सगळे आकड्याकडे पाहत होते. मनगटाकडे कोण पाहतो?

इथवर थांबलो असतो तर तो व्यवहारातला खोटेपणा झाला असता. बाजारात असलं चालतं, म्हणून मी केव्हाच विसरलो असतो. पण विलास अजून पेटीकडेच पाहत होता, कपाळाला आठ्या घालून. मला भीती वाटली. तो वाकून पाहील, पेटीला हात लावील. म्हणून मी हसत म्हटलं, "डोळे दाखव लेका कोणाले तरी. मीटर खोटं बोलते का?"

माणसं खो खो हसली. विलासही हसला. मग त्याने डोळे चोळले. ते चोळणं मला अजून दिसतं. काम मला मिळालं.

त्याचा टॉर्च माझ्याच टेबलावर राहिला होता. सगळे गेल्यावर मी दोन्ही सरळ लावून पाहिले. त्याचा पुढे होता. थोडाथोडका नाही, चांगलाच पुढे. म्हणजे त्याच्या डोळ्यांना जे दिसत होतं ते बरोबर होतं.

पुढच्याच आठवड्यात तो नागपूरला जाऊन डोळे तपासून आला. बसमधून उतरला तो थेट दुकानात. "डॉक्टर म्हणते काहीच नाही, नंबर बी नाही," तो म्हणाला. "पण मले तर माहाच जास्त दिसत होता ना बे. म्हणजे काहीतरी आहेच." तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्ही दोघंच होतो, पेटी समोर होती, त्याचा टॉर्चही तिथंच होता. मी म्हटलं, "होते असं कधी कधी." आणि त्याच्यासाठी चहा मागवला.

काही दिवसांनी त्याने सोल्डरिंगचं सगळं सामान पिशवीत घालून आणून दिलं. बारीक काम आता जमायचं नाही, तुझ्या कामी येईल म्हणाला. मी ठेवून घेतलं. त्याची सोल्डरिंग गन माझ्या गनपेक्षा चांगली आहे, आजही मी तीच वापरतो. पांढुर्ण्याच्या त्या गाळ्यात कुणीतरी मोबाइलचं दुकान टाकलं. विलास शेतीच करतो, आणि गावात कुणाला टॉर्च हवा असला की माझ्याकडे पाठवतो. माझ्या उजेडाची तारीफही करतो. मीटरवर मोजलेला उजेड आहे, असं म्हणतो.

परवा आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीला रामाकोन्याला गेलो होतो, त्याच्या पंपाचा स्टार्टर बसवायला. लख्ख ऊन होतं. बागेच्या तोंडाशी व्यापारी गाडी लावून उभा, तोडणारी माणसं शिड्या टेकवून थांबलेली, आणि सगळे विलासच्या शब्दाची वाट पाहत होते. लहानपणापासून या बागेत वाढलेला माणूस. त्याने एक संत्रं तोडलं, उन्हात फिरवून पाहिलं, बोटाने दाबलं. मग माझ्याजवळ आला आणि सगळ्यांच्या देखत ते माझ्या हातात ठेवलं.

"तू पाह्य बरं, रंग चढला का? माह्या डोळ्याचा काही भरोसा नाही."

संत्रं देठापर्यंत रंगलेलं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं.

"चढला," मी म्हटलं.

त्याने वळून तोडायला सांगितलं.