अप्पांची मूठ

लोहाऱ्यात महालिंगप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते उजवी मूठ घट्ट आवळून, डोळे मिटून बसले होते. माझ्या हातात सतरा वस्तूंची यादी होती आणि जेवणाची सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. मी दोनदा "अप्पा" म्हटलं. त्यांनी डाव्या हातानं थांबायची खूण केली आणि पुटपुटत एकवीस वेळा "ॐ नमः शिवाय" पूर्ण केलं. मग मूठ उघडली. आत शेंगदाण्याएवढा, पत्र्याच्या टोपीचा जुना ट्रान्झिस्टर होता. तो त्यांनी मीटरला लावला. काटा एका जागी न टिकता सरकत गेला. "पळाला ह्यो," म्हणून त्यांनी तो एका डब्यात टाकला आणि दुसरा मुठीत घेतला.

मी इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. गिटार मी लातूरला शिकत असताना वाजवायचे. संसारात ती माळ्यावर गेली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खाली आली. कॉलेजातल्या आम्ही चौघांनी चैत्रातल्या जत्रेत वाजवायचं ठरवलं. एका गाण्यात मधला तुकडा एकट्या गिटारचा होता आणि त्यासाठी मला फझ पेडल हवं होतं. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मधे, पायाशी ठेवायची ही एक डबी असते. पायानं दाबली की गिटारचा साधा आवाज जाड, खरखरीत होतो. ती घरीच बनवायची असं मी ठरवलं. आत भाग थोडे असतात. फक्त त्यातले दोन ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे लागतात, आणि ते जुन्या रेडिओंतच सापडतात. जुने रेडिओ अप्पांकडे होते. दुर्दैवानं त्यांच्याबरोबर अप्पाही होते.

त्या दुकानात एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. एका रविवारी मी स्वखुशीनं चिठ्ठ्या करून नेल्या. अप्पांनी त्या बघितल्या आणि परत दिल्या. "बाई, लिवलेलं वाचावं लागतंय. धरलेलं ध्यानात ऱ्हातंय."

"तुम्ही नसलात तर दुसऱ्याला कळणार कसं?"

"त्यानं बी धरावं की. माझी मूठ काय इस्पेशल हाय व्हय?"

मी आठवड्यातून दोनदा जात होते. दर वेळी तेच. मूठ, जप, मीटर, "पळाला". मी म्हटलं, अप्पा, मीटर आहे ना, थेट लावा. ते म्हणाले, "थंड असताना समदेच शाणे असत्यात. ऊब लागली की कळतंय कोण टिकतंय. मानसाचं बी तसंच हाय." मी म्हटलं, निदान मोबाइलवर वेळ लावा, जप कमीजास्त होतो. ते म्हणाले, "मोबाइलला घाई असती, महादेवाला न्हाय." डबा नापास मालानं भरत चालला. पास झालेला एकही नव्हता. माझ्या यादीत सोळा कलमांपुढे खुणा झाल्या होत्या आणि सतरावं, ट्रान्झिस्टरचं, तसंच होतं.

मी स्वतःला येळवशीची मुदत दिली होती. त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं, आणि पेडल तिथंच सगळ्यांना ऐकवायचं माझं ठरलं होतं. चार दिवस राहिले तेव्हा माझा धीर संपला. नापास डब्यातले दोन ट्रान्झिस्टर उचलून मी म्हटलं, "हे मी नेते."

"ते पळत्यात, बाई."

"पळू देत. मी पकडेन."

अप्पांनी अडवलं नाही. घरी मी दोन्ही सोल्डर केले, डबी बंद केली, दोन्ही बटणांवर छापील चिठ्ठ्या डकवल्या आणि सतराव्या कलमापुढे खूण केली.

येळवशीच्या सकाळी आमच्या शेतात हुडहुडी भरत होती. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीजवळ मी बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला आणि पेडलवर पाय दिला. आवाज असा भरून आला की शेजारच्या रानातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. अप्पांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते भज्जी आणि उंडे खात होते. आंबिलीचा घोट घेऊन ते एवढंच म्हणाले, "आत्ता ब्येस वाजतंय. चैत्रात बघू."

मला राग आला. चूक मान्य करणं या माणसाच्या यादीतच नाही, असं मी जावेला म्हणाले.

जत्रेचा कार्यक्रम दुपारी चारला होता. व्यासपीठावर पत्र्याचं छत होतं आणि त्याखाली भट्टी. आमचे शिपाईमामा माइकवर म्हणाले, "लायब्ररीत आवाज करू नका म्हणणाऱ्या बाई आज किती आवाज करतात ते ऐका." समोर निम्मं कॉलेज हसलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच व्यासपीठावर वाजवत होते. मधला तुकडा आला, मी पेडल दाबलं. दोन सूर नीट आले. मग आवाज ठसकला, तुटला आणि गेला. मी बटणं फिरवली. चिठ्ठ्यांवर सगळं बरोबर लिहिलेलं होतं. मागून कुणी तरी म्हणालं, "बाईंनी स्वतःलाच गप्प केलं." तबलावाले सर माझ्याकडे बघत तोच ठेका फिरवत राहिले.

पहिल्या रांगेतून अप्पा उठले. कडेच्या पाण्याच्या रांजणात उपरणं बुचकळून, पिळून ते सावकाश वर आले आणि बाळंतिणीच्या बाळासारखी ती डबी त्यांनी गुंडाळली. मग तिथंच मांडी घालून डोळे मिटले. मला कळलं, जप चाललाय. पहिल्यांदाच मीही मनात मोजत होते. त्यांनी डोळे उघडून मान हलवली. मी पाय दिला आणि आवाज आला. पूर्ण नाही, पण तुकडा पुरा झाला. उतरताना ते "मी सांगितलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "त्याचा काय दोष न्हाय, बाई. तुमी त्याला नापास असून पुढच्या वर्गात घातलं."

श्रावणात अप्पा गेले. दुकान आवरताना त्यांच्या सूनबाईंनी मला बोलावून एक काड्यापेटी दिली. "उन्हाळाभर ही शेगडीवरच्या फळीवर ठेवली हुती. रोज काढायचे, मुठीत धरायचे, परत ठेवायचे. आमाला हात लावू देत न्हवते. बाईंची हाय म्हणायचे."

आत दोन ट्रान्झिस्टर होते. चिठ्ठी अर्थातच नव्हती. कमी जोराचा पहिला बसवावा लागतो आणि जास्त जोराचा दुसरा. एवढे दोन शब्द लिहायला या माणसाला काय झालं होतं, म्हणून मी त्या पेटीवर मनसोक्त चिडले. विचारायला कुणी नव्हतं. शेवटी मीटर काढला, एक मुठीत घेतला आणि डोळे मिटून एकवीस मोजले. काटा जेमतेम हलला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या दिवशी कोण कुठला ते न लिहिता ओळखू यायला लागलं.

जुने काढून हे दोन बसवले त्या दिवशी पुन्हा येळवस होती. कोपीजवळ वाजवलं. आवाज भरून आला, लोक बांधावर आले. मी यादीची वही उघडली, जत्रेनंतर खूण खोडलेल्या सतराव्या कलमापुढे पेन टेकवलं आणि परत उचललं. चैत्राला अजून अवकाश आहे.